करणारा की झालेला? सातवीच्या वर्गातली आयएनजी–ईडीची विशेषणं

वर्ग सातवीचा, मराठी माध्यमाचा, पट चाळीसच्या आसपास. सिंहगडाची सहल होऊन गेली की पुढच्या इंग्रजीच्या तासाला ‘अवर ट्रिप’वर दहा ओळी लिहायला सांगतात. वह्या गोळा केल्या की त्यांत साधारण अशी वाक्यं सापडतात:

‘द ट्रिप वॉज व्हेरी एक्सायटेड.’
‘वुई वेअर व्हेरी टायरिंग.’
‘आय वॉज बोअरिंग इन द बस.’
‘तानाजी स्टोरी वॉज इंटरेस्टेड.’
‘वुई एट रोस्ट कॉर्न अँड बॉइल ग्राउंडनट्स.’
‘वुई सॉ ब्रेक वॉल.’
‘आय वॉज फ्राइटनिंग टू डॉग.’

हा वर्ग नमुन्यादाखल घेतला आहे, पण सातवी-आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही या ओळी ओळखीच्या वाटतील. लिहिणारं मूल कच्चं नाही. वाक्याची रचना, भूतकाळ, शब्दसंग्रह सगळं ठीक आहे. फक्त ‘वुई वेअर टायरिंग’ वाचणाऱ्याला ‘आम्ही लोकांना दमवत होतो’ असं समजतं आणि ‘आय वॉज बोअरिंग’ म्हणजे ‘माझ्यामुळे सगळे कंटाळले’. व्याकरणाच्या बऱ्याच चुका अर्थाला धक्का लावत नाहीत. ही चूक अर्थच उलटा करते, म्हणून तिच्यावर पाच तास खर्च करणं योग्य आहे.

चूक कुठून येते

‘आयएनजी आणि ईडीची अदलाबदल’ हे निदान अपुरं आहे. वरच्या ओळींत तीन निरनिराळ्या गोष्टी घडल्या आहेत. ‘रोस्ट कॉर्न’, ‘ब्रेक वॉल’मध्ये शेपूटच, म्हणजे धातूच्या शेवटी लागणारा आयएनजी-ईडीसारखा प्रत्ययच, नाही. ‘टायरिंग’, ‘इंटरेस्टेड’मध्ये शेपूट आहे पण उलटं. ‘फ्राइटनिंग टू डॉग’मध्ये शेपूट तर उलटं आहेच, शिवाय मराठीतली ‘कुत्र्याला घाबरलो’मधली ‘ला’ तशीच ‘टू’ होऊन आली आहे. तिन्हींवर एकच औषध चालत नाही.

शेपूट गळण्याचं कारण आपल्या आजूबाजूलाच आहे. खाणावळीच्या मेन्यूकार्डावर ‘बॉइल एग’, ‘मिक्स व्हेज’, ‘आइस टी’ असंच छापलेलं असतं. मुलांनी हे शब्द इंग्रजी म्हणून नव्हे, मराठी म्हणूनच उचललेले असतात.

उलट्या शेपटाचं कारण जास्त खोल आहे. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे सातवीत आलेल्या मुलाने सहा वर्षं ‘आय ॲम प्लेइंग’, ‘आय ॲम ईटिंग’ घोकलेलं असतं. ‘आय ॲम’ म्हटलं की पुढे आयएनजी, हा साचा जिभेवर बसलेला असतो. ईडी मात्र त्याला फक्त भूतकाळाची खूण म्हणून माहीत असते. त्यामुळे ‘आय ॲम बोअर्ड’ हे वाक्य त्याला चुकीचं दिसतं: आधी ‘ॲम’, म्हणजे वर्तमानकाळ, आणि पुढे ईडी, म्हणजे भूतकाळ. ते स्वतःच दुरुस्ती करतं आणि ‘आय ॲम बोअरिंग’ लिहितं. चूक निष्काळजीपणाची नाही, शिकवलेला नियम मनापासून लावल्यामुळे झालेली आहे.

त्यावर मराठीची भर पडते. आपल्याकडे भावना माणसाकडे येते: मला कंटाळा आला, मला भीती वाटली, मला आश्चर्य वाटलं. कर्ता कंटाळा आणि माणूस चतुर्थीत. नाहीतर मग थेट ‘मी कंटाळलो’, ‘मी थकलो’, जिथे दुसऱ्या कुणी काही केल्याचा उल्लेखच नसतो. इंग्रजीतले ‘बोअर’, ‘टायर’, ‘एक्साइट’, ‘फ्राइटन’ हे धातू मात्र मुळातच दुसऱ्यावर काम करणारे आहेत. ‘बोअर’ म्हणजे कंटाळणं नव्हे, कंटाळा आणणं. ‘टायर’चा अर्थ बहुतेक वेळा थकवणं. मूल ‘बोअर = कंटाळणे’ असं समजून चाललं तर ‘बोअरिंग’ त्याला ‘कंटाळत असलेला’ वाटणारच. ‘बोअर होतंय’, ‘कन्फ्युज झालो’ हे रोजचं बोलणं हाच गैरसमज पक्का करतं. शब्द इंग्रजी, पण चालवला मराठी धातूसारखा.

सोपा नियम आणि त्याचं नुकसान

अशा वेळी फळ्यावर हमखास लिहिला जाणारा नियम असतो: माणसाला ईडी, वस्तूला आयएनजी. परीक्षेतल्या रिकाम्या जागा त्याने भरून निघतात, म्हणून तो टिकून आहे. आमच्या मते तो शिकवूच नये.

तो दोन्ही बाजूंनी कोसळतो. कंटाळवाणं भाषण करणारे पाहुणे माणूसच असतात आणि ते ‘बोअरिंग’ असतात. गोष्टी छान सांगणारी आजी ‘इंटरेस्टिंग’ असते. भाजलेलं कणीस वस्तू आहे आणि ते ‘रोस्टेड’ असतं, पडकी भिंत ‘ब्रोकन’ असते. या नियमावर वाढलेलं मूल ‘माय ग्रँडमदर इज इंटरेस्टेड’ लिहितं आणि नियमाप्रमाणेच लिहिलं म्हणून त्याला चूक दिसत नाही. शिवाय हा नियम एकदा बसला की काढायला फार जड जातो. मुलं नवा नियम ऐकतात, परीक्षेत जुना लावतात.

त्याच्या जागी एकच प्रश्न द्यावा: करणारा की झालेला? ज्या शब्दाचं वर्णन चाललं आहे तो ती क्रिया करतो, की ती क्रिया त्याच्यावर होऊन गेली आहे? करणारा असेल तर आयएनजी, झालेला असेल तर धातूचं तिसरं रूप. माणूस, जनावर, वस्तू, प्रसंग यांपैकी काहीही असो.

हा प्रश्न मराठीतून विचारता येतो हाच त्याचा मोठा फायदा. मराठीत ही जोडी आधीपासून आहे आणि धातुसाधित विशेषणं म्हणून मुलांच्या कानावरूनही गेलेली असते: उकळतं पाणी–उकळलेलं पाणी, थकवणारा चढ–थकलेली मुलं, घाबरवणारा आवाज–घाबरलेलं कुत्रं. भावनेच्या शब्दांत ‘व’ सांभाळायचा असतो. ‘थकणारा’ आणि ‘थकवणारा’ एक नव्हेत, आणि ‘टायरिंग’ म्हणजे थकवणारा. जिथे ‘वणारा’ बसत नाही तिथे ‘करणारा–झालेला’ सरळ लावावं: निराश करणारा निकाल, निराश झालेला संघ. पुस्तकी मराठीची गोडी असलेल्या मुलांना तत्सम जोड्या जास्त भावतात: आश्चर्यकारक–आश्चर्यचकित, निराशाजनक–निराश, समाधानकारक–समाधानी. ‘कारक’, ‘जनक’, ‘दायक’ दिसलं की इंग्रजीत बहुधा आयएनजी.

पाच तास

क्रम महत्त्वाचा आहे. व्याकरणाची बहुतेक पुस्तकं ‘इंटरेस्टिंग–इंटरेस्टेड’पासून सुरुवात करतात. भावना डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे करणारा कोण आणि झालेला कोण हे मुलाला पडताळून पाहता येत नाही. सुरुवात हाताला लागणाऱ्या वस्तूंपासून करावी आणि भावनांना तिसऱ्या तासाला हात घालावा.

पहिला तास फक्त वस्तूंचा. सहलीतलंच सामान पुरतं: गडावर विकायला असतात ती भाजलेली कणसं, उकडलेल्या शेंगा, तळलेली भजी, ढासळलेली भिंत, बंद दरवाजा. प्रत्येकासाठी आधी क्रियेचं वाक्य: ‘समवन रोस्टेड द कॉर्न.’ मग बोट कणसाकडे: करणारा की झालेला? ‘भाजलेलं’, म्हणजे झालेला. ‘रोस्टेड कॉर्न.’ अशी आठ नावं पुरेत, त्याहून जास्त घेतली की तास यादीचा होतो. घरचा अभ्यास म्हणून पाकिटं वाचायला सांगावीत. दुधाच्या पिशवीवरचं ‘टोन्ड’ आणि ‘पाश्चराइज्ड’, मटाराच्या पाकिटावरचं ‘फ्रोझन’. मेन्यूकार्डावरचं ‘बॉइल एग’ मुलांनीच दुरुस्त करून आणावं. हे काम ती आनंदाने करतात आणि गळालेलं शेपूट याच एका तासात बऱ्याच अंशी परत येतं.

दुसऱ्या तासाला तिसरी रूपं. ईडी हे नाव सोयीचं असलं तरी अपुरं आहे, हे इथे सांगून टाकावं, नाहीतर ‘ब्रेक्ड वॉल’ किंवा ‘ब्रोक वॉल’ येते. मुलांना ‘ब्रेक–ब्रोक–ब्रोकन’ पाठ असतं, पण तिसरा शब्द कशासाठी पाठ केला हे बहुतेकांना माहीत नसतं. इथे त्याला काम मिळतं: ब्रोकन वॉल, टोर्न बॅग, फॉलन लीव्ह्ज, स्टोलन सायकल, हिडन डोअर, फ्रोझन पीज, रिटन वर्क. याच तासाला दोन चित्रं समोरासमोर ठेवावीत: झाडावरून खाली येत असलेलं पान आणि जमिनीवर पडलेलं पान. ‘फॉलिंग लीफ’, ‘फॉलन लीफ’. तसंच ‘बॉइलिंग वॉटर’ आणि ‘बॉइल्ड वॉटर’. पावसाळ्यात प्यायला कोणतं द्यायचं, असं विचारलं की फरक एका क्षणात कळतो. उकळतं पाणी कुणी पीत नाही.

तिसरा तास सगळ्यात जपून घ्यायचा. फळ्यावर एकच वाक्य:

‘द क्लाइंब टायर्ड द चिल्ड्रन.’

चढाखाली एका रंगाची रेघ, मुलांखाली दुसऱ्या रंगाची, आणि चढाकडून मुलांकडे जाणारा बाण. थकवलं कुणी? चढाने. थकलं कोण? मुलं. आता बाणाच्या शेपटाकडे ‘टायरिंग’ लिहायचं, टोकाकडे ‘टायर्ड’. मग दोन वाक्यं सुटी करायची: ‘द क्लाइंब वॉज टायरिंग. द चिल्ड्रन वेअर टायर्ड.’ बाण तसाच ठेवून ‘द स्टोरी थ्रिल्ड अस’, ‘द मॅप कन्फ्यूज्ड द बॉईज’, ‘द डॉग फ्राइटन्ड मी’, ‘द बस जर्नी बोअर्ड द गर्ल्स’. प्रत्येक वाक्यातून दोन वाक्यं निघतात. ही पायरी गाळून थेट विशेषणांवर उडी मारली तर बाण कुठून कुठे जातो हे मुलाला दिसतच नाही, आणि पुढची सगळी मेहनत पाठांतराची होते.

या तासाला एक शंका येते आणि ती आली तर फार चांगलं लक्षण समजावं: ‘मॅडम, टायरिंगला आयएनजी आहे, मग हा चालू काळ का नाही?’ उत्तर दोन खुणांत देता येतं. पुढे कर्म आलं तर ते क्रियापद: ‘द क्लाइंब इज टायरिंग अस.’ कर्म नसेल आणि मध्ये ‘व्हेरी’ बसत असेल तर विशेषण: ‘द क्लाइंब इज व्हेरी टायरिंग.’ ‘व्हेरी टायरिंग अस’ म्हणता येत नाही, हे मुलं स्वतःच कानाने ओळखतात. ही ‘व्हेरी’ची खूण भावनेच्या शब्दांपुरती ठेवावी. ‘व्हेरी रोस्टेड कॉर्न’ कुणी म्हणत नाही, तरी ‘रोस्टेड’ विशेषणच आहे.

चौथा तास ‘माणसाला ईडी’ हा नियम मोडण्यासाठीच राखावा. मुलांनी तो शिकवणीत किंवा मार्गदर्शकात वाचलेला असतो. दोन चित्रं काढावीत, सुबक नसली तरी चालतील. पहिल्यात अंधारात दारात उभा असलेला, केस पिंजारलेला माणूस, आणि त्याला पाहून पळणारं कुत्रं. दुसऱ्यात तोच माणूस भिंतीला टेकून थरथरतोय, समोर कुत्रं दात विचकतंय. ‘अ फ्राइटनिंग मॅन’ कोणतं आणि ‘अ फ्राइटन्ड मॅन’ कोणतं? दोन्हीकडे माणूस आहे, म्हणून जुना नियम इथे काहीच सांगू शकत नाही. कुत्र्यासाठीही तोच प्रश्न. मग जोडीने काम: एकाने मिनिटभर गोष्ट सांगायची, दुसऱ्याने चेहऱ्यावर एक भाव आणायचा, वर्गाने दोघांविषयी एकेक वाक्य बोलायचं. ‘द स्पीकर इज बोअरिंग. द लिसनर इज बोअर्ड.’ जागा बदलल्या की वाक्यं बदलतात.

पाचव्या तासाला सहलीच्या मूळ वह्या परत. चूक असेल तिथे उत्तर लिहून देऊ नये. विशेषणाखाली रेघ आणि समासात फक्त ‘क / झ?’ एवढी खूण. करणारा की झालेला हे मुलाने ठरवायचं आणि ओळ पुन्हा लिहायची. तपासणाऱ्याचं काम कमी होतं आणि विचार मुलाच्या डोक्यात होतो.

जिथे गाडी अडते

उच्चार हा दुर्लक्षित भाग आहे. ईडी तीन तऱ्हांनी उच्चारली जाते. ‘शॉक’, ‘रिलॅक्स’, ‘एम्बॅरस’नंतर ती ‘ट’सारखी ऐकू येते. ‘बोअर’, ‘टायर’, ‘कन्फ्यूज’नंतर ‘ड’. ‘एक्साइट’, ‘डिसअपॉइंट’, ‘इंटरेस्ट’सारख्या ट किंवा ड ध्वनीने संपणाऱ्या धातूंनंतरच ‘इड’ असा वेगळा अवयव होतो. मुलं सगळीकडे ‘एड’ लावतात: शॉकेड, बोअरेड. उलट बाजूने, ‘आय ॲम टायर्ड टुडे’ भरभर म्हटलं की ड पुढच्या ट मध्ये विरून जातो आणि श्रुतलेखनात ‘आय ॲम टायर टुडे’ येतं. तिथे मुलाचा कान चुकलेला नसतो, खरोखरच ऐकू आलेलं नसतं. अशी वाक्यं आधी फळ्यावर दाखवून मग म्हणवून घ्यावीत.

स्पेलिंगमध्ये दोनच गोष्टी पुरतात. ‘अमेझ’, ‘टायर’ यांचा शेवटचा ई आयएनजीपुढे जातो. ‘वरी’, ‘टेरिफाय’ यांचा वाय ईडीपुढे आय होतो पण आयएनजीपुढे तसाच राहतो.

शब्दयोगी अव्ययांच्या जागी येणारे इंग्रजी शब्द विशेषणासोबत एकाच दमात शिकवावेत, सुटे नकोत: इंटरेस्टेड इन, बोअर्ड विथ, टायर्ड ऑफ, फ्राइटन्ड ऑफ, एक्सायटेड अबाउट, सॅटिस्फाइड विथ. ‘गणितात रस’ आणि ‘इंटरेस्टेड इन मॅथ्स’ जुळतं म्हणून ते चटकन येतं. ‘कुत्र्याला घाबरलेला’ आणि ‘अभ्यासाला कंटाळलेला’ इथे मुलं ‘टू’ लावणारच. या दोन जागांवर जास्त सराव हवा.

काही जोड्या नियमात बसत नाहीत आणि हुशार मुलं नेमकी तिथे पडतात. ‘स्केअर्ड’ची जोडी व्यवहारात ‘स्केअरी’, ‘स्केअरिंग’ नव्हे. ‘इम्प्रेस्ड’सोबत ‘इम्प्रेसिव्ह’, ‘डिलाइटेड’सोबत ‘डिलाइटफुल’, ‘स्ट्रेस्ड’सोबत ‘स्ट्रेसफुल’. या चार जोड्या भिंतीवर चिकटवून ठेवाव्यात.

आणखी एक सापळा सेमी-इंग्रजीच्या वर्गात जास्त दिसतो. आयएनजी दिसली की प्रत्येक वेळी ‘करणारा’ नसतो. ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिणारं पाणी नव्हे, ‘वॉकिंग स्टिक’ चालत नाही आणि ‘स्लीपिंग बॅग’ झोपत नाही. मराठीत इथे ‘ण्याचा’ येतो: पिण्याचं पाणी, पोहण्याचा तलाव. विज्ञानातले ‘बॉइलिंग पॉइंट’, ‘मेल्टिंग पॉइंट’ याच घरातले, तर ‘मेल्टिंग आइस’ आणि ‘डिझॉल्व्ह्ड सॉल्ट’ आपल्या विशेषणांच्या. ‘ण्याचा’ बसतो का हे आधी पाहावं, बसला तर ‘करणारा–झालेला’ हा प्रश्नच लागू नाही. सातवीला हे शंका आली तरच सांगावं. विज्ञानाच्या शिक्षकांशी बोलून त्यांच्या तासालाही हाच प्रश्न विचारला गेला तर दुप्पट फायदा होतो.

समजलं की नाही हे कसं कळणार

कंसात ‘इंटरेस्टिंग / इंटरेस्टेड’ देऊन रिकामी जागा भरायला लावणारा प्रश्न काहीच सांगत नाही. डोळे मिटून खूण केली तरी निम्मे गुण मिळतात, आणि वाक्यं ‘द बुक इज…’, ‘आय ॲम…’ अशी असतील तर चुकीचा नियमही पूर्ण गुण देतो. त्याऐवजी फक्त धातू द्यावा आणि दोन्ही कर्ते माणसं ठेवावीत: ‘द मॅजिशियन अमेझ्ड द चाइल्ड’ यावरून दोघांविषयी एकेक वाक्य लिहा. किंवा ‘अंकल इज बोअरिंग’ आणि ‘अंकल इज बोअर्ड’ यांचा अर्थ मराठीत लिहायला सांगावा. ‘काकांमुळे कंटाळा येतो’ आणि ‘काका कंटाळले आहेत’ अशी उत्तरं आली तर मुलाच्या मनात बाण पक्का आहे.

दोन आठवडे थांबून, कुठलीही उजळणी न घेता, क्रिकेटच्या सामन्यावर किंवा गणेशोत्सवावर पुन्हा दहा ओळी लिहून घ्याव्यात. लगेच घेतलेल्या चाचणीत सगळ्यांचंच बरोबर येतं, त्यावर विसंबू नये. या लेखनात ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं आधी पाहावीत, कारण ‘आय वॉज’पुढची आयएनजी सर्वांत शेवटी सुटते. ज्यांच्याकडून ती अजून सुटली नसेल त्यांना पहिल्या तासाकडे नेऊ नये. त्यांना तिसऱ्या तासाचा बाण पुन्हा द्यावा, आणि बाणाच्या टोकाला ‘मी’ ठेवून पाचसहा वाक्यं तोंडी म्हणवून घ्यावीत.

‘पीपल इंटरेस्टेड इन क्रिकेट’सारखी नामानंतर येणारी रचना मात्र या वर्गात आणू नये. ती आठवीसाठी राखून ठेवावी.